चार नंबरची पहिली जर्सी

शांतिनाथ मगदूम यांच्याकडे फुटबॉलच्या एकतीस जर्सी होत्या आणि त्यांतली एकही त्यांनी कधी अंगात घातली नव्हती. एकतीसच्या एकतीस एकाच माणसाच्या. राजवीर सरनोबत, शिवाजी पेठ, उंची सहा फूट, जागा स्टॉपर बॅक, नंबर चार. सतराव्या वर्षी पेठेतून गेला, एकोणीस वर्षं पगारी खेळला. सहा गोव्यात, पाच कोलकात्यात, चार बंगळुरात, चार केरळात. यंदा त्यानं खेळणं थांबवलं.

जुन्या जर्सी जमवणारे पेठेत आणखी दोघंतिघं आहेत, पण ते गोल मारणाऱ्यांच्या जमवतात. शांतिनाथअण्णांचं म्हणणं असं, की झालेल्या गोलाचा पुरावा जाळीत असतो, फळ्यावर असतो, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात असतो. न झालेल्या गोलाचा पुरावा फक्त बॅकच्या जर्सीवर असतो. कमरेपाशी घसरून विरलेलं कापड, फॉरवर्डनं ओढून लोंबवलेली बाही, मैदानावरच्या रेषांच्या पांढऱ्या फक्कीचा खांद्यावर उठलेला पट्टा. म्हणून जर्सी मॅचमध्ये घातलेलीच पाहिजे आणि धुतलेली नको. त्यांच्या पत्नी विजयमालाबाईंनी या संग्रहाला माळ्यावरची एक खोली दिली होती, ती पावसाळ्यात दार उघडायचं नाही या अटीवर.

प्रत्येक जर्सीला एक चिठ्ठी. कुठली मॅच, कोणती तारीख, कुणाच्या हातून मिळाली. ऐकीव अक्षर एक नाही. एकदा कोलकात्याहून एकानं जर्सी पाठवली, तिचा डाग उजव्या कमरेवर होता. राजवीर नेहमी डाव्या अंगावर घसरतो. अण्णांनी ती परतीच्या टपालानं पाठवून दिली आणि सोबत लिहिलं, "ज्याची असेल त्यास द्यावी."

कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे असतात. पेठेतल्या जोडचिंच तालमीनं आता वरचा हॉल बांधला होता आणि येत्या रविवारी सकाळी दहाला तिथं या जर्सी काचेत लागणार होत्या. राजवीर स्वतः येणार होता. काचा मात्र बत्तीस करून घेतल्या होत्या. बत्तिसावी राजवीरच्या पहिल्या जर्सीची, म्हणजे तालमीच्या पिवळ्या जर्सीची. एकोणीस वर्षांपूर्वीची फायनल तो त्या जर्सीत खेळला आणि तीच मॅच बघून गोव्याच्या माणसांनी त्याला उचलला. ही जर्सी वाळत घातली असताना त्या फायनलमध्ये समोर असलेल्या गजकमान तालमीच्या पोरांनी दोरीवरून चोरली, हे पेठेतल्या बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक होतं. काच रिकामी ठेवून आत 'चोरीस गेली' अशी चिठ्ठी लावायची, असा ठराव झाला होता.

जोडचिंच आणि गजकमान यांच्याबद्दल बाहेरच्या माणसाला एवढंच सांगितलं तरी पुरे, की गजकमानचा रंग जांभळा आहे आणि मॅचचा मोसम चालू असेतो जोडचिंचच्या घरांत वांगं शिजत नाही.

प्रदर्शनाच्या दहा दिवस आधी राजवीरचा फोन आला. अण्णा दुकानात स्टीलची पातेली पुसत होते.

"अण्णा, त्या चिठ्ठीचं कळलं. ती चोरीला गेली न्हाय. मी दिली."

"कुणाला?"

"बाळासोला."

"कसला बाळासो?"

"गजकमानचा. त्यांचा सेंटर फॉरवर्ड."

अण्णांनी पातेलं खाली ठेवलं आणि दुकानात कोणी गिऱ्हाईक आहे का ते बघितलं. मग आवाज खाली आणला. "राजवीर, तू काय बोलतोयस तुला कळतंय का?"

"टीव्हीवर बघितलतं की. मॅच झाली की मोठी मोठी माणसं जर्सी बदलत्यात. त्यानं मागितली, मला वाटलं आपणबी मोठं झालो. गॅलरीच्या भिंतीमागं काढून दिली."

"आणि त्याची?"

"आईनं त्याच दिवशी बंबात घातली. पाणी चांगलं तापलं." मग राजवीर मुद्द्यावर आला. "अण्णा, बाकीच्या सगळ्या पगाराच्या हायत. मी येतोय ती एक बघायला. आणि बाळासोनं कायबी चोरलेलं न्हाय. तसं लिवलेल्या काचंसमोर मी उभा राहणार न्हाय."

"मग खरं लिहू?"

"ते तुमचं तुम्ही बघा," राजवीर म्हणाला.

बाळासो मोहिते मोटारसायकलच्या सीटांना कव्हरं शिवून द्यायचे. त्यांचं दुकान गजकमानच्या ऐन चौकात. अण्णा तिथं हेल्मेट घालूनच आत गेले. कोल्हापुरात हेल्मेट घालून दुकानात शिरणारा माणूस दोनच कारणांनी शिरतो आणि दोन्हींत पुढं पोलीस येतात.

"शांतिनाथअण्णा, हेल्मेट काढा," बाळासो मशीनवरून मान न उचलता म्हणाले. "माझ्या लग्नातली भांडी तुमच्याच दुकानची हायत. चालण्यावरनं वळखलं."

अण्णांनी हेल्मेट काढलं आणि का आलो ते सांगितलं. बाळासो उठले, आतल्या कपाटातून एक पिशवी आणली, तिच्यातून दुसरी काढली, दुसरीतून तिसरी. तिसरीत पिवळं होतं.

अण्णांनी हात रुमालाला पुसले. डाव्या कमरेवर वितभर कापड विरलेलं. उजव्या खांद्यावर फक्की, अजून. उजवी बाही शिवणीपासून चार बोटं लोंबलेली.

"ती मी वडलेली," बाळासो अभिमानानं म्हणाले. "नव्वद मिनिटं त्या पोरानं मला बॉलचं तोंड दावलं न्हाय. आमची तालीम जिंकली, मी न्हाय जिंकलो. शेवटी मीच म्हटलं, बाबा, जर्सी तरी दे, हातात कायतरी घिऊन घरी जाऊ दे."

"धुतली कधी?"

"धुतली आसती तर दोरीवर घालाय लागली आसती. मग तुमचंच खरं ठरलं आसतं की."

अण्णांनी किंमत विचारली आणि चुकलं हे त्यांना बाळासोंच्या चेहऱ्यावरून कळलं.

"एकोणीस वर्षं तुमची पेठ मला चोर म्हणतीया," बाळासोंनी जर्सी पहिल्या पिशवीत घातली. "लेकीच्या वरातीत मागनं कोणतरी वरडलं, 'दोरीवरची जर्सी!' व्याह्यांनी इचारलं, हे कशाबद्दल? काय सांगू? खरं सांगितलं तर त्या पोराचं नाव जाणार. गप बसलो." दुसरी पिशवी. "शुक्रवारी फायनल हाय. तुमची आमचीच. आमच्या गॅलरीत माझ्या शेजारी बसायचं."

"कशाला?"

"एक तरी जोडचिंचवाला आमच्यात बसून बघू दे, आम्ही माणसं हाय का चोर." तिसरी पिशवी. "आमचा गोल झाला की उठायचं. तुमचा झाला की बसून राहायचं. शेवट झाला की जर्सी तुमची. मधी उठून गेलासा, न्हाईतर तोंडातनं जोडचिंच आलं, तर मी ही घिऊन घरी."

आजवर अण्णांनी जर्सीसाठी गोव्याच्या रेल्वे फलाटावर दोन दिवस काढले होते, बंगळुरात एका धोब्याशी मैत्री केली होती. पण गजकमानच्या गॅलरीत बसणं म्हणजे ओळखलं गेल्यास दोनदा मार. एकदा त्यांचा, एकदा आपला.

शुक्रवारी दुपारी विजयमालाबाईंनी जुन्या साडीचा जांभळा रुमाल शिवून दिला. काळी टोपी आणि तोंडाला फडकं अण्णांनी आधीच आणून ठेवलं होतं.

"दिवस मावळायच्या आत जेवायला येतासा का?"

"मॅच पाच पन्नासला संपते."

"आणि मार बसायची वेळ आली तर आधी चष्मा काढा," बाई म्हणाल्या. "नवा हाय."

गॅलरीत जांभळ्याचा समुद्र होता. अण्णा बाळासोंच्या डाव्या बाजूला बसले. पिशवी बाळासोंच्या मांडीवर. समोरच्या गॅलरीत पिवळं उसळत होतं आणि त्या पिवळ्यात तिसऱ्या पायरीवर एक जागा मोकळी दिसत होती. तिच्यावर एक टोपी ठेवली होती. अण्णांनी ती जागा तीस वर्षं सोडली नव्हती. खिशातला फोन थरथरला. उदयसिंह. जोडचिंचचे सेक्रेटरी, एकेकाळचे गोलकीपर. अण्णांनी फोन तसाच थरथरू दिला. मग संदेश आला. 'कुठं हायसा? जागा धरलीया.'

"पावणं कुठलं?" मागून एका जाड आवाजानं विचारलं.

"कबनूरचं," बाळासोंनी उत्तर दिलं. "माझं साडू. सर्दी झालीया, बोलत न्हाईत."

"कबनूर? आमचा मेव्हणा तिथंच की! यंत्रमाग हाय का तुमचा?"

अण्णांनी मान हलवली.

"कुठल्या बोळात कारखाना?"

बाळासोंनी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी खोकला काढला. मागचा माणूस वाट बघत होता. आता त्याच्या शेजारचाही वळला. पातेल्याचे एकशे दहा प्रकार सांगू शकणाऱ्या माणसाला कबनूरचा एक बोळ आठवेना.

"सध्या बंद हाय," अण्णा फडक्यातून म्हणाले.

"व्हय की," मागचा माणूस हळहळला. "मेव्हण्याचाबी बंदच हाय." आणि त्यानं पुढं चिरमुऱ्यांचा पुडा केला.

पूर्वार्धात गोल झाला नाही. अण्णांना तेवढी उसंत पुरली. त्यांची नजर सवयीनं फॉरवर्ड सोडून बॅकवर गेली आणि बघता बघता गजकमानच्या चार नंबरवर खिळली. अठरा-एकोणीसचा पोरगा. जागा बरोबर धरत होता, उगाच पाय घालत नव्हता. एकच खोड, बॉल बघत राहायचा, पाठीमागचा माणूस विसरायचा. राजवीरलाही ती खोड होती, गोव्याच्या दुसऱ्या वर्षापर्यंत. नको नको म्हणताना तो पोरगा अण्णांना आवडायला लागला, आणि हे त्यांना मार खाण्यापेक्षा वाईट वाटलं.

उत्तरार्धाच्या बाविसाव्या मिनिटाला कॉर्नरवरून गजकमाननं गोल केला.

गॅलरी उठली. उठली म्हणजे खालचं सिमेंटसुद्धा उठल्यासारखं वाटलं. अण्णा बसलेले. बाळासोंनी उभ्यानंच खाली बघितलं आणि पिशवीचे बंद मुठीत घेतले. अण्णांनी गुडघ्यांवर हात ठेवले. साठ वर्षांत या गुडघ्यांनी अण्णांचा शब्द कधी मोडला नव्हता, आज मोडत होते. समोरच्या तिसऱ्या पायरीवरचे लोक डोक्याला हात लावून बसले होते. अण्णा उठले. टाळ्याही वाजवल्या. त्या टाळ्यांना आवाज नव्हता, पण अटीत आवाजाचं काही ठरलं नव्हतं.

"नाचा की पावणं!" मागच्यानं त्यांना मिठी मारली. चष्मा कलला. तोंडावरचं फडकं हनुवटीवर आलं. अण्णांनी ते दोन्ही हातांनी वर घेतलं आणि कुणी बघितलं का ते बघायचं धाडस केलं नाही.

नऊ मिनिटं. मग मैदानाच्या मधोमध जोडचिंचच्या पोरानं बॉल घेतला, एकाला चुकवला, दुसऱ्याला चुकवला, आणि पंचवीस यार्डांवरून असा हाणला की कीपर जागचा हलला नाही. समोरची गॅलरी पेटली. फटाका सुटला, हलगी सुटली.

अण्णा बसून राहिले. आयुष्यात इतकं अवघड त्यांनी काही केलं नव्हतं. दात दातांवर दाबले, मांड्या हातांनी धरल्या. अंगातला आनंद बाहेर यायला वाट शोधत होता आणि अखेर त्याला डोळ्यांतून वाट सापडली.

"रडू नगासा पावणं," मागच्यानं पाठीवर हात फिरवला. "अजून येळ हाय."

बाळासोंनी पिशवी मांडीवरून उचलली आणि दोघांच्या मध्ये ठेवली. अण्णांच्या कोपराला प्लास्टिक लागलं.

घड्याळात चार मिनिटं उरली. उन्हं मैदानाबाहेर गेली होती. जोडचिंचचा उजवा हाफ बॉल घेऊन कडेनं निघाला. गजकमानचे सगळे त्याच्याकडं सरकले. चार नंबरही सरकला, नजर बॉलवर. आणि त्याच्या पाठीमागून, डावीकडून, जोडचिंचचा नऊ नंबर निघाला. कुणाचं लक्ष नाही, समोर मोकळं मैदान, मग गोल. अख्ख्या स्टेडियममध्ये हे दोघांना दिसलं होतं, नऊ नंबरला आणि अण्णांना. आपला गोल. कप आपला. उरलं होतं फक्त बसून राहायचं.

"चार नंबर! मागं बघ! डावीकडं!"

फडक्यातनं नव्हे. अण्णा उभे होते, फडकं गळ्यात, आणि आवाज भांड्यांच्या लिलावांत तीस वर्षं बोली पुकारून कमावलेला. पोरगा वळला. बॉल आला तेव्हा तो हवेत आडवा झाला होता. डाव्या अंगावर घसरत त्यानं नऊ नंबरच्या बुटाच्या टोकावरून बॉल काढला आणि बाहेर घालवला. अगदी राजवीर.

क्षणभर अण्णांना फक्त तेवढंच दिसलं, की टॅकल स्वच्छ होतं. मग आपण काय केलं ते कळलं आणि ते मटकन खाली बसले.

"वाचिवलं! पावण्यानं वाचिवलं!" चारी बाजूंनी हात आले. बाळासो मात्र त्यांच्याकडं अशा नजरेनं बघत होते की जणू सीट कव्हर शिवता शिवता सुई बोटात गेली.

"अटीत हे न्हवतं, अण्णा."

"माहीत हाय."

"मग का?"

"तो बॉल बघत हुता," अण्णा म्हणाले. दुसरं कारण त्यांच्याकडं नव्हतं.

टायब्रेकर झाला. जोडचिंचचे दोन हुकले, गजकमानचा एक. बाळासोंनी पिशवी अण्णांच्या हातात दिली. अण्णांनी ती छातीशी धरली, आणि तेवढ्यात कबनूरच्या मेव्हण्यावाल्यानं आणि आणखी तिघांनी त्यांना खांद्यावर उचललं.

आपल्याकडं पोलिसांची एक चांगली पद्धत आहे. हरलेली गॅलरी आधी सोडायची, ती घरी पोचली की जिंकलेली. त्यामुळं बाहेर आता कोणी पिवळं असायचं कारण नव्हतं. पण अण्णांनी टोपी घेतली, फडकं घेतलं, रुमाल शिवून घेतला आणि स्कूटर मात्र स्वतःचीच आणली. मागं मोठ्या अक्षरांत 'मगदूम भांडी भांडार'. ती गजकमानच्या बाजूला लावलेली जोडचिंचच्या कुणीतरी बघितली. अण्णा फोन उचलत नाहीत, जागा मोकळी, आणि स्कूटर शत्रूच्या दारात. घरी निघालेली पेठ परत फिरली. अण्णा गेटातून खांद्यावर बसून बाहेर आले तेव्हा स्कूटरभोवती पन्नासेक माणसं उभी होती आणि पुढं उदयसिंह ओरडत होते, "आमचा अण्णा कुठाय? केसाला धक्का लागला आसंल तर आज हितनं कोण घरी जाणार न्हाय!"

मग त्यांनी वर बघितलं.

"पावण्याचा इजय आसो!" खालचे चौघे ओरडत होते. "पावण्यानं गोल वाचिवला!"

पावणा म्हणजेच जोडचिंचचा अण्णा, हे दोन्ही बाजूंना एकदमच कळलं. खांदे हळूहळू खाली आले, जसे काही ते खांदे दुसऱ्याच कुणाचे होते. अण्णा जमिनीवर उभे राहिले. गडबडीत पिशव्या फाटल्या होत्या. पिवळी बाही बाहेर लोंबत होती.

"जर्सी!" मागून कुणीतरी किंचाळलं. "चार नंबरची जर्सी! अण्णानं आणली! चोरांच्या घरात घुसून आणली!"

पिवळ्यांतून जो आवाज उठला तो गोलापेक्षा मोठा होता. उदयसिंहांच्या चेहऱ्यावर पाऊणशे रंग येऊन गेले. त्या आवाजात अण्णांना काय काय मिळत होतं ते त्यांना नीट दिसत होतं. जर्सी मिळत होती. गॅलरीतलं पाप धुतलं जात होतं. रविवारी हार मिळणार होता. करायचं काही नव्हतं, फक्त गप्प बसायचं. शेजारी बाळासो उभे होते, मोकळे हात खाली सोडून. ते काहीच बोलले नाहीत. त्यांना सवय होती.

"चोर! चोर!" सुरू झालं. जांभळ्यांतून कुणीतरी दगड उचलला. पिवळ्यांतून दोघांनी पट्टे सोडले.

"चोरी न्हाय," अण्णा म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही. मग ते त्याच लिलावाच्या आवाजात म्हणाले, "चोरी न्हाय! राजवीरनं दिली. सोताच्या हातानं काढून दिली. मला त्यानंच सांगितलं. ह्या माणसानं एकोणीस वर्षं जपली आणि चोर म्हणून घेतलं."

दगडवाला दगड धरून उभा राहिला.

"अण्णाला पाजलंय गजकमाननं!"

"जैन माणूस हाय, त्याला काय पाजणार? दूध?"

कोणी हसलं नाही. उदयसिंह पुढं आले. सव्वासहा फुटी माणूस, कीपरचे पंजे. अण्णांनी पिशवी काखेत घातली आणि चष्मा काढून हातात धरला.

"चष्मा घाला, अण्णा," उदयसिंह हळू म्हणाले. "ती आरोळी तुमचीच का?"

"व्हय."

"का?"

"पोरगा बॉल बघत हुता."

उदयसिंहांनी मैदानाकडं बघितलं. ओठ दाबले. अठरा वर्षं गोलात उभा राहिलेला माणूस, खोटं बोलायची इच्छा असूनही काही गोष्टी त्याच्या तोंडातून निघत नाहीत. "बघत हुता खरा," ते म्हणाले. मग वळले आणि आपल्या माणसांना तोंड करून उभे राहिले.

"मी बघितलतं. त्या दिवशी भिंतीमागं मी हुतो. पोरानं जर्सी काढून ह्याच्या हातात दिली."

"मग दोरी?"

"दोरी मी काढली. पेठेला कळलं आसतं तर पोराला गोव्याला पोचू दिलं आसतं का तुम्ही? म्हणून रचली." त्यांनी मनगटानं कपाळ पुसलं. "आणि खरं सांगायचं तर, त्या दिवशी गोल माझ्या पायाखालनं गेलता. पेठेला बोलायला दुसरं कायतरी पायजे हुतं."

कुणी पट्टा परत कमरेला घालताना बकल वाजलं. एक म्हातारा म्हणाला, "पायाखालनं गेलता हे आमाला ठावं हुतं." माणसं एकेक करून गाड्यांकडं निघाली. तालमीच्या पोरांनी पुढं दोन महिने उदयसिंहांना वाट सोडली, पण सेक्रेटरी म्हणून हाक मारली नाही.

उदयसिंह स्कूटरपर्यंत आले.

"चिठ्ठीवर काय लिवणार?"

"झालं ते."

"माझं नाव?"

"लागंल तेवढंच."

"सगळं लिवा," उदयसिंह म्हणाले. "दोरीबी लिवा, पायाखालनं गेलेलाबी लिवा. एकट्या पोराच्या नावावर नको." आणि थोडं जाऊन परत वळले. "बाळासो, रविवारी दहाला. समोरच्या दारानं या."

अण्णा घरी पोचले तेव्हा दिवस मावळून गेला होता, तेव्हा जेवण नाहीच. ते माळ्यावर गेले आणि चिठ्ठी लिहायला बसले. नेहमीच्या चिठ्ठीत सहा ओळी असतात. ही दोन पानं झाली. भिंत आली, बंब आला, दोरी आली, वरात आली, उदयसिंहांचे पाय आले. आपल्या आरोळीपाशी अण्णांचं पेन बराच वेळ थांबलं. जर्सी कुणाच्या हातून आणि कशी मिळाली, एवढाच चिठ्ठीचा विषय, असं त्यांनी स्वतःला बजावलं. मग विजयमालाबाई वर येऊन वाचून गेल्या आणि एवढंच म्हणाल्या, "एक वळ राहिलीया." ती आरोळीची ओळ अण्णांनी खाली बारीक अक्षरात लिहिली.

रविवारी गर्दी झाली. निम्मे जर्सी बघायला आले होते, निम्मे काच फोडायला. हॉलचा जिना अरुंद, त्यामुळं दोघांनाही एकाच रांगेत यावं लागलं. राजवीर बत्तिसाव्या काचेपाशी आला, वाकला आणि दोन्ही पानं वाचली. त्याला वेळ लागला. मागची रांग खोळंबली आणि जिन्यावरून शिव्या यायला लागल्या, तरी तो हलला नाही. वाचून झाल्यावर त्यानं मागं बघितलं, तर दारात बाळासो उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, आत यावं की नको अशा पायानं. राजवीर रांग मोडून तिथपर्यंत गेला आणि त्यांचा दंड धरून त्यांना आत घेऊन आला.

काच फुटली नाही. चिठ्ठी लांब, अक्षर बारीक, त्यामुळं लोक काचेवर बोट ठेवून ओळ न् ओळ वाचतात. रोज संध्याकाळी अण्णांना ती काच पुसावी लागते.